गाडी अजून अॅप्रूव्ह झालेली नाही

तुमच्या घरचं कुणी गाडी बघायला जाताना खिशात फीलर गेज घेऊन गेलंय का हो कधी? दोन पत्र्यांमधली फट मोजायची ती पातळ पात्यांची जुडी असते ना, तीच. नसेल गेलं, तर तुमच्या घरात गाडी वेळेवर आली असणार आणि सांगायला किस्से फारसे नसणार!

कारण गाडी घेतली की काय होतं? हार घालतात, पेढे वाटतात, संपलं. किस्से साठतात ते न घेतलेल्या गाडीचे. आमच्याकडे 'हायब्रिड घ्यायची की इलेक्ट्रिक' हे आठ महिने चाललं होतं. रद्दी साठावी तसे किस्से साठले. रद्दीवाला नेत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आधी माणसं सांगते. घरात आम्ही चौघं. आमचे हे, म्हणजे प्रकाशराव, नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात होते. बाहेरून आलेला माल तपासायचा आणि मापात नसेल तर लाल चिठ्ठी लावून परत पाठवायचा, हे त्यांचं काम. गेल्या वर्षी रिटायर झाले. कारखाना सुटला, लाल चिठ्ठी काही सुटली नाही. माझी पोळीसुद्धा ताटात घेण्याआधी उलटून बघतात. मुलगी ऋतुजा घरूनच कॉम्प्युटरवर नोकरी करते. आणि सासूबाई, म्हणजे आई, एक्क्याऐंशीच्या.

पाचवी व्यक्ती फोनवरची. आईंची थोरली बहीण, सुंदरमावशी. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, सटाण्याजवळच्या खेड्यात, डाळिंबाच्या मळ्यात राहतात. दोघी बहिणींची भेट होऊन तीन वर्षं झाली होती. मावशींचं वय बघता त्यांनी इकडे येण्याचा प्रश्नच नव्हता. आईंनीच जायचं होतं. गाडी हवी होती ती एवढ्याचसाठी!

* * *

तशी आमच्याकडे गाडी होती. छोटी, जुनी, बसकी. आईंचे गुडघे असे की त्या तिच्यात बसू शकतात, पण उठू शकत नाहीत.

गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर लग्नाला गेलो होतो. आईंना बाहेर काढायला एका बाजूने हे, एका बाजूने मी, मागून ऋतुजा ढकलतेय. आईंनी जरीची साडी नेसलेली, डोक्यावरून पदर. आमच्याभोवती पाच-सहा पाहुणे जमले. गाडीच्या दाराशी गर्दी आणि मधून जरीचा पदर दिसतोय म्हटल्यावर बँडवाल्यांना वाटलं, नवरीच आली. त्यांनी जोरात सुरू केलं!

आई बाहेर आल्या त्या वाजत गाजत. दोन मिनिटं उभ्या राहून श्वास घेतला आणि म्हणाल्या, "प्रकाश, माझं लग्न एकदा झालंय. या डबड्यात मी पुन्हा बसायची नाही."

म्हणून उंच गाडी. मी म्हटलं, "अहो, तोवर एखादी भाड्याची मोठी गाडी करू आणि आईंना भेटवून आणू."

"भाड्याची कशाला? महिन्याभरात आपलीच येतेय!"

हे म्हणाले तेव्हा गुढीपाडवा होता.

* * *

पहिल्या शोरूममध्ये कोमल नावाची मुलगी होती. गोड, हसरी, तोंडपाठ बोलणारी. "सर, आधी तुम्हाला सनरूफ दाखवू?"

"आधी फट दाखवा," हे म्हणाले.

"काय सर?"

तोवर हे बॉनेटपाशी वाकलेले होते. फीलर गेजची पाती उलगडली, एक डोळा मिटला. "डावीकडे साडेतीन मिलिमीटर. उजवीकडे चार!"

कोमलचं हसू तसंच राहिलं, पण जरा पातळ झालं. "सर, ही डिस्प्लेची गाडी आहे."

"तेच म्हणतोय मी! दाखवायची गाडी अशी, तर द्यायची कशी असेल?"

मॅनेजर आले. चहा आला. पाऊण तासाने बघते तर मॅनेजर स्वतः टॉर्च धरून उभे, हे दाराखाली आडवे झालेले आणि कोमल आकडे लिहून घेतेय. निघताना ती मला हळूच म्हणाली, "काकू, सर घरीपण असेच असतात का?"

म्हटलं, "नाही गं. घरी गेज लागत नाही. नजरेनेच होतं."

* * *

दुसऱ्या खेपेला आईंना रिक्षाने नेलं. गाडी त्यांच्या गुडघ्यांसाठी घ्यायची, तर माप त्यांचंच घ्यायला हवं ना! यांनी टेप लावून जमिनीपासून सीटची उंची मोजली आणि मग आईंना सांगितलं, "बस. आता उतर. आता परत बस."

"कितीदा रे?"

"तीनदा. एका रीडिंगवर निर्णय होत नाही, आई."

तिसऱ्यांदा आई इलेक्ट्रिक गाडीत बसल्या त्या उतरेचनात. आत गार हवा, सीट मऊ, बाहेर वैशाखाचं ऊन. त्यांनी पिशवीतून माळ काढली आणि जप सुरू केला. मागे दोन गिऱ्हाइकं उभी. कोमल बिचारी अदबीने म्हणाली, "आजी, कशी वाटली गाडी?"

"बरी आहे. पण बाई, ही चालू आहे का बंद?"

"चालू आहे ना आजी!"

"मग आवाज नाही तो?"

"हिला आवाजच नसतो आजी. तीच तर हिची खासियत!"

आईंनी यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आमच्या घरी चालू असून आवाज येत नसला, तर त्याला रुसवा म्हणतात."

* * *

आता पक्ष कसे पडले ते सांगते. ऋतुजा इलेक्ट्रिकची. हे हायब्रिडचे. "कारखान्यात लाइट गेली तर जनरेटर असतोच ना? तसं आहे हे. एक थकलं तर दुसरं आहे. स्टँडबाय पाहिजेच!"

"बाबा, एका म्यानात दोन तलवारी कशाला?"

"तलवारी कसल्या? हे सासू-सुनेसारखं आहे," हे रंगात आले. "कधी एकीने घर चालवायचं, कधी दुसरीने. चढ आला की दोघींनी मिळून. घर मस्त चालतं!"

आम्ही जेवत होतो. आईंनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "मग यात सासू कोण? बॅटरी का इंजिन?"

हे शहाणे असते तर तिथेच थांबले असते. पण एकतीस वर्षं खरं ते लिहायची सवय! म्हणाले, "इंजिन. आवाज त्याचाच जास्त असतो ना."

आईंनी तुकडा परत ताटात ठेवला. मग यांना वाटलं, मला तरी खूश करावं. "आणि बॅटरी म्हणजे मंगल. शांत. फक्त वेळच्या वेळी चार्ज करावी लागते."

त्या दिवशी यांना भात दुसऱ्यांदा कुणीच वाढला नाही.

* * *

सुंदरमावशींचा फोन दर गुरुवारी संध्याकाळी यायचा. आई चाळीस वर्षं नाशकात आहेत, आमच्याशी बोलतात ते शहरासारखं. पण मावशींचा फोन आला की क्षणात अहिराणी! आवाजसुद्धा बदलतो, मुलीसारखा होतो. मला सगळं कळत नाही, पण शेवटचा प्रश्न कायम तोच असायचा आणि तो यांना असायचा.

"गाडी लिधी का रे भाऊ?"

"घेतोय मावशी, घेतोय. हायब्रिड का इलेक्ट्रिक, एवढंच ठरायचंय."

"हायब्रिड म्हंजे काय ऱ्हास?"

यांनी समजावून सांगितलं. एक इंजिन पेट्रोलचं, एक मोटर करंटवरची, दोन्ही मिळून गाडी ओढतात. मावशींनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हंजे एक बैल आन एक हाल्या जुपेल गाडी!"

हाल्या म्हणजे रेडा. आई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की फोन ऋतुजाला धरावा लागला.

ऋतुजा खूश. "बघा बाबा, मावशीआजीपण माझ्या बाजूने!"

"मी कोणाच्याच बाजूने नाही," असं काहीसं मावशी म्हणाल्या, आणि मग यांना जे ऐकवलं ते मला नीट कळलं. "बैलजोडी लेवाले बी इतला दिन नही लागतस!"

* * *

श्रावणात ऋतुजाची एक मैत्रीण आठवड्यासाठी बाहेरगावी गेली आणि आपली इलेक्ट्रिक गाडी आमच्याकडे ठेवून गेली. यांना तर अख्खा आठवडा ट्रायल मिळाली!

पहिली ट्रायल घरच्या चार्जिंगची. पार्किंगमध्ये पॉइंट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. यांनी जाड केबल आणली, बाथरूममधल्या गिझरच्या सॉकेटमधून घेतली, खिडकीतून खाली सोडली आणि मध्ये लोंबू नये म्हणून गॅलरीच्या गजाला बांधली. गाडीला जोडली. पांढरी केबल, वरून खाली सरळ. खाली शेजारी बसून हे दर अर्ध्या तासाने आकडा बघत होते आणि वहीत लिहीत होते.

आईंना आंघोळीला गरम पाणी मिळेना. मी गॅसवर पातेलं चढवलं. तेवढ्यात दार वाजलं. समोरच्या शिंदेकाकू.

"मंगल, काही मदत लागली तर सांग हं. वरून बघितलं मी. प्रकाशराव खाली बसलेत, मान खाली घालून."

"का हो, काय झालं?"

"अगं, तुमच्या गाडीला सलाइन लावलंय ना?"

* * *

त्याच आठवड्यातली दुसरी ट्रायल घाटाची. वणीच्या गडावर जायचं ठरलं. चढताना बॅटरी किती जाते आणि उतरताना किती परत येते, ते बघायचं. इलेक्ट्रिक गाडी उताराला ब्रेक लावला की थोडी चार्ज होते म्हणे. आईंनी नारळ, खण आणि तांदूळ माझ्याकडे दिले. "देवीची ओटी भर. सांग, बहिणीची भेट घडव."

आम्ही तिघं निघालो. हे चालवतायत, ऋतुजा आकडे वाचतेय, मी वहीत लिहितेय. घाट लागला. "एक्काहत्तर... एकोणसत्तर... सदुसष्ट!" श्वास रोखून बसलो होतो नुसते. वर पार्किंगला पोचलो. मी पिशवी उचलली, तेवढ्यात हे म्हणाले, "थांबा! लगेच उतरू. गाडी थंड झाली तर रीडिंग चुकेल."

खरं सांगते, त्या क्षणी आम्हाला कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही! गाडी वळवली, उतरलो. बासष्टचे त्रेसष्ट झाले. चौसष्ट झाले. पायथ्याला पोचेपर्यंत सहासष्ट! ऋतुजाने टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. भजी खाल्ली आणि आनंदात घरी आलो.

आई दारातच उभ्या होत्या. "प्रसाद?"

मी हातातल्या पिशवीकडे बघितलं. नारळ, खण, तांदूळ. सगळं जसंच्या तसं.

"आई, उतरताना चार टक्के परत मिळाले!" हे बूट काढता काढता म्हणाले.

आईंनी नारळ हातात घेतला. "हा शंभर टक्के परत आला."

पुढच्या मंगळवारी आम्ही जुन्या गाडीने गुपचूप जाऊन ओटी भरून आलो. पण त्या दिवशी आई जेवताना एवढंच म्हणाल्या, "वणीपर्यंत गेलात. तिथून कळवण, कळवणवरून सटाणा. मला घेऊन गेला असतास तर?"

यांना खरंच वाईट वाटलं. मला दिसलं ते. पण उत्तर काय दिलं असेल?

"आई, ट्रायलच्या गाडीत तुला कसं बसवणार? गाडी अजून अॅप्रूव्ह झालेली नाही."

* * *

दसऱ्याच्या आधी यांनी फ्रिजवर तक्ता लावला. सव्वीस मुद्दे. सीटची उंची, घाट, चार्जिंग, डिकीत फराळाचे किती डबे मावतात, आईंचा वॉकर आडवा बसतो का उभा. प्रत्येकाला दहापैकी मार्क. आठवडाभर मार्क देणं चाललं. दसऱ्याच्या सकाळी बेरीज केली.

हायब्रिड एकशे एक्क्याण्णव. इलेक्ट्रिक एकशे एक्क्याण्णव.

हे तक्त्यासमोर खुर्ची घेऊन बसले. "एकतीस वर्षांत असं झालं नाही," एवढंच म्हणत होते. ऋतुजाने तीनदा बेरीज केली. तीच!

मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, हे माझ्याकडे वळले. "मंगल, तुला कोणती हवी?"

म्हटलं, "ज्या गाडीत बसून आई या आठवड्यात सटाण्याला जातील, ती."

यांनी पेन उचललं, माझ्या नावाचा रकाना शोधला, विचार केला आणि लिहिलं, 'लागू नाही'.

* * *

दिवाळीत तर कहरच झाला. पाडव्याच्या दिवशी ओवाळून झाल्यावर हे गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "ऋतू, मी खूप विचार केला. तुझं बरोबर आहे. इलेक्ट्रिकच घेऊ."

ऋतुजा करंजी हातात धरून तशीच बसली. "बाबा, मी काल रात्रीच आईला सांगितलं, तुमचं बरोबर आहे म्हणून. स्टँडबाय पाहिजेच. हायब्रिडच घेऊ."

"अगं, पण बॅटरीवाली गाडी किती साधी! बिघडायला आत आहेच काय?"

"बाबा, पण सटाण्याकडे चार्जर बंद असला तर? आजीला रस्त्यात बसवणार का?"

आणि पुन्हा सुरू! तेच मुद्दे, तेच आवाज, फक्त माणसं बदललेली. आई मला म्हणाल्या, "आता आठ महिने उलट्या बाजूने."

पण तसं झालं नाही. आठवडाभर भांडून यांनी मुलीचा शब्द मानला, म्हणजे स्वतःचीच पहिली निवड मान्य केली. हायब्रिड! दुसऱ्याच दिवशी शोरूममध्ये जाऊन बुकिंग केलं. कोमलने म्हणे सगळ्या स्टाफला बोलावून टाळ्या वाजवल्या.

* * *

तो गुरुवार होता. संध्याकाळी मावशींचा फोन आला तेव्हा आधी आईंनी नाही, यांनीच घेतला. स्पीकरवर टाकला. आम्ही सगळे भोवती.

"मावशी, ठरलं! हायब्रिड! बुकिंग करून आलो!"

"बरं झालं रे भाऊ!" मावशींचा आवाज एकदम उजळला. "कवय येशी मंग? रविवारले?"

हे जरा चाचरले. "नाही म्हणजे... गाडीला वेटिंग आहे मावशी. चार महिन्यांचं. पांढरी घेतली तर अडीच, पण पांढरीचा पत्रा मला तितका..."

पलीकडे कुणीतरी क्रेट आपटल्याचा आवाज आला, एक कुत्रं भुंकलं.

"मावशी? ऐकू येतंय ना?"

"तुन्ही माय कोठे शे?"

यांनी फोन आईंच्या हातात दिला. दोघी बहिणी फार काही बोलल्या नाहीत. जेवलीस का, जेवले. गुडघे कसे आहेत, आहेत तसेच. थंडी पडली का, पडतेय. बस. आईंनी फोन ठेवला आणि त्या देवघरात दिवा लावायला गेल्या. हे बराच वेळ बुकिंगचा कागद हातात धरून सोफ्यावर बसले होते. एकदा मला म्हणाले, "चार महिने म्हणजे फार नाहीत ना गं?" मी कुकर लावायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, डाळिंबाच्या क्रेटांनी शिगोशीग भरलेली एक पिकअप आमच्या सोसायटीच्या गेटसमोर येऊन थांबली आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवरून, दाराला धरून, सुंदरमावशी खाली उतरल्या.